खालच्या मजल्यावरची खोली

लग्नाला सहा वर्षं झाली होती तेव्हा आम्ही दोघं शनिवार-रविवार नांदेडला राहायला गेलो. माझं माहेर तिथून जेमतेम अर्ध्या तासावर. तरी मी माहेरी गेले नाही, लॉजवर उतरले. हे सांगितलं की आमच्याकडच्या बायका अजूनही माझ्याकडे बघत राहतात, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माहेर अर्धापूरचं. वडिलांची केळीची बाग. सासर निलंगा तालुक्यातलं, पण सासरचं जुनं गाव मी पाहिलंच नाही. मी लग्न होऊन आले ती सरकारनं बांधून दिलेल्या एकसारख्या घरांच्या ओळीत. जुनं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं होतं. आमचे हे तेव्हा अठरा वर्षांचे. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते आणि पहाटेच्या आत दगडमातीची घरं छपराच्या जाड मातीच्या धाब्यासकट खाली बसली. सासूबाई आणि धाकटी नणंद गेल्या. ह्यांना दुसऱ्या गावच्या माणसांनी दुपारी हातांनी माती उपसून बाहेर काढलं. मला एवढंच माहीत होतं आणि तेही सासऱ्यांनी सांगितलेलं. ह्यांनी स्वतः कधी त्यावर तोंड उघडलं नाही.

पुढं हे लातूरला आले आणि एका झेरॉक्सच्या दुकानात लागले. लातुरात तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं-पोरी डॉक्टर, इंजिनियर व्हायला येत होत्या. गल्लीगल्लीत पाट्या लागत होत्या आणि लोक स्वतःच्या बैठकीच्या खोल्या रिकाम्या करून कॉट टाकत होते. नोट्सच्या गठ्ठ्यांनी ह्यांचं दुकान दारापर्यंत भरलेलं असायचं. मी चार मुलींचे डबे करता करता तीस मुलींची मेस चालवायला लागले. सकाळी दोन भाज्या, पोळ्या, वरण-भात. संध्याकाळी एक भाजी आणि भाकरी. रविवारी संध्याकाळी चूल बंद.

हे सगळं पत्र्याच्या दोन खोल्यांत चालायचं. उन्हाळ्यात दुपारी पत्रा असा तापायचा की पोळ्या लाटताना घाम परातीत पडू नये म्हणून मी कपाळाला फडकं बांधायची. लोकांना वाटायचं आम्ही पैसे वाचवतो. मीही तसंच सांगायची. खरी गोष्ट अशी, की ह्यांना पत्र्याशिवाय दुसऱ्या कशाखाली झोप येत नव्हती. दुकानातही हे दाराजवळचं मशीन धरून उभे राहायचे. कुणाच्या लग्नाला गेलो आणि मुक्काम पडला, तर हे मांडवात नाहीतर अंगणात अंथरूण टाकायचे. माझ्या माहेरी नवीन स्लॅबचं घर झालं तेव्हा जावयाला आतली खोली दिली होती. हे पहाटे केळीच्या बागेत पाण्याच्या पाइपाशेजारी झोपलेले सापडले. आई पुढं वर्षभर विचारत होती की जावयाचं काय चुकलं, काय राहिलं.

त्या वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका रिटायर झालेल्या शाळेच्या बाईंनी मुलींसाठी तीन मजली लॉजिंग बांधायला घेतलं. बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, खालचा हॉल मेसला घे, मागच्या दोन खोल्यांत तुम्ही राहा. साठ मुली वर राहतील, त्या तुझ्याकडेच जेवतील. भाडंही त्यांनी रास्त सांगितलं. मला होळीनंतरच्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

मी ह्यांना सांगितलं. हे ऐकून घेऊन म्हणाले, तू मेस तिकडं ने, मी रात्री इथंच झोपत जाईन. मी म्हणाले, दोन घरांचा संसार मला करायचा नाही. आपण नाही म्हणून सांगू. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी पोळ्यांचा डबा भरत असताना हे मागं येऊन उभे राहिले.

"एक रात्र कुठंतरी स्लॅबखाली झोपून बघतो," हे म्हणाले. "पण इथं न्हाई. जिथं आपल्याला कुणी ओळखत नसंल तिथं. उठून पळालो तर लोकांनी बघायला नको."

मग मी म्हणाले, जायचंच तर रडतखडत नाही जायचं. फिरायला म्हणून जाऊ. सहा वर्षांत आपण दोघं मयतीला आणि लग्नालाच गेलोय.

पुणं लांब आणि महाग. सोलापुरात ह्यांचे नातेवाईक. उदगीरला माझी मावशी. नांदेड मोठं शहर, तिथं कोण कुणाला बघतंय, असं म्हणून आम्ही नांदेड ठरवलं. अर्धापूर जवळ आहे हे मला ठाऊक होतं. पण माहेरी कळवलं असतं तर लॉजवर कुणी राहू दिलं नसतं, आणि त्या घरात जावई परत बागेत सापडला असता. धुळवडीला जोडून शनिवार-रविवार आला. मुली गावी गेल्या. मी धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं घेतलं. ठरलं असं की खोलीचं भाडं आणि एसटीचं तिकीट हाच मोठा खर्च. एक दिवस बाहेर काहीतरी खायचं, बाकी डब्यातलं.

शनिवारी सकाळची लाल गाडी मिळाली. खिडकीशी मी, शेजारी हे. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा ह्यांनी गरम भजी आणली आणि मी ठरलेल्या खर्चाची आठवण दिली. हे म्हणाले, भजी मोठ्या खर्चात येत नाहीत. लोह्याच्या पुढं मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा गाडी गोदावरीच्या पुलावर होती आणि हे माझ्यावरून वाकून खाली पाणी बघत होते. अनोळखी शहरात निघालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता, जरा घाबरलेला आणि जरा खूश.

स्टँडपासून थोडं आत एक तीन मजली लॉज सापडला. गल्ल्यावर एक वयस्क मुस्लिम गृहस्थ बसले होते, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, माझ्या मंगळसूत्राकडे पाहिलं, रजिस्टर पुढं केलं आणि तिसऱ्या मजल्याची किल्ली काढली.

"खालची द्या," हे म्हणाले. "सगळ्यात खालची."

"नीचे हवा नै आती भाई. मच्छर हैं. ऊपर लेव."

"न्हाई. खालचीच."

त्यांनी चष्मा लावून रजिस्टरमधला पत्ता वाचला. लातूर जिल्हा, तालुका निलंगा. हे अजूनही पत्ता गावाचाच लिहायचे. मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे त्या वेळी वर छताकडे बघत होते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. काका काही विचारतील म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते. त्यांनी तिसऱ्या मजल्याची किल्ली परत खिळ्याला लावली आणि जिन्याजवळच्या तळमजल्यावरच्या खोलीची काढून दिली.

"अंदर से कडी नै लगाए तो भी चलता," ते म्हणाले. "मैं रातभर इधरीच बैठता. डरने का कुछ नै."

खोलीत दोन कॉट, एक पंखा आणि मोरी. चादरी धुतलेल्या होत्या. मी धपाट्यांचा डबा खिडकीत ठेवला आणि आम्ही लगेच बाहेर पडलो, कारण खोलीत बसून राहिलो असतो तर हे तिथंच खचले असते.

आधी गुरुद्वाऱ्यात गेलो. ह्यांनी डोक्याला रुमाल बांधला, मी पदर घेतला. दर्शन झाल्यावर लंगरच्या पंगतीत बसलो. समोर ताट आलं, डाळ आली. मग एक उंच माणूस रोट्या घेऊन ओळीतून आला आणि लोक दोन्ही हात पुढं करून घेत होते. मीही ओंजळ केली. रोटी हातात पडली तेव्हा ती अजून गरम होती. मी रोज सकाळी शंभरावर पोळ्या लाटत होते आणि मला कुणी गरम पोळी वाढल्याचं आठवत नव्हतं. आईकडं गेले तरी मीच तव्यापाशी बसायची. मी दुसरी रोटी घेतली, तिसरी घेतली. समोर काही बायका परातीभोवती बसून लाटत होत्या. माझे हात शिवशिवले आणि मी उठायला लागले तर ह्यांनी पदर धरला.

"आज बस," हे म्हणाले. "आज तू जेवायला आली हायस."

मी बसले आणि चौथी रोटी घेतली.

उन्हं उतरल्यावर घाटावर गेलो. पाणी कमी होतं. धुळवडीचे रंग अजून पायऱ्यांच्या फटींत होते. आम्ही सगळ्यात खालच्या पायरीवर बसलो. मग मी विचारलं, नक्की कशाची भीती वाटते? छत पडेल म्हणून? सहा वर्षं मी तेच समजत होते आणि कधी विचारलं नव्हतं. जखमेला हात लावू नये असं वाटायचं.

हे पाण्याकडे बघत म्हणाले, छताची नाही. खाली गाडलो होतो तेव्हा पडायचं ते सगळं पडून गेलं होतं. मग उजाडलं असावं, कारण वर माणसं चालायला लागली. ढिगाऱ्यावरून, माझ्या डोक्यावरून. त्यांचं बोलणं ऐकू यायचं. माझ्या तोंडात माती होती, मला ओरडता येत नव्हतं. माणसं यायची आणि निघून जायची. चार-पाच वेळा असं झालं.

"अजून डोक्यावर कुणी चाललं की मला वाटतं, हे बी निघून चाललेत," ते म्हणाले. "पत्र्यावर कुणी चालत न्हाई, स्लॅबवर चालतं."

मी त्यांचा हात धरला. घाटावर माणसं होती, तरी धरला. मग माझ्या मनात आलं ते मी बोलूनही दाखवलं: बाईंच्या लॉजिंगमध्ये साठ मुली वर चालणार. हे म्हणाले, म्हणून तर खालची खोली मागितली. वरच्या मजल्यावर झोपून काय उपयोग होता.

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. मला अभिमान वाटला. आपल्या भीतीला नेमकं कुठं गाठायचं ते ह्या माणसानं मला न सांगता ठरवून ठेवलं होतं.

परत आलो तर लॉजवर गडबड होती. आमच्या खोलीच्या अगदी डोक्यावरच्या खोलीत गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेलं एक मोठं कुटुंब उतरलं होतं, लहान लेकरांसकट. वर धाडधाड पाय वाजत होते. गल्ल्यावरचे काका उठून आले. म्हणाले, मागच्या बाजूची एक खोली रिकामी आहे, तिच्यावर कुणी नाही, बदलून देतो. ह्यांनी वर पाहिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "हीच बरी हाय."

रात्रीचं मला सांगता येणार नाही, कारण मी झोपले. जागं राहून सोबत करायची असं ठरवलं होतं, पण चार रोट्या, दिवसभराचं चालणं आणि सकाळी कणीक भिजवायची नाही हे सुख. डोळा कधी लागला कळलंच नाही. शेवटचं आठवतं ते एवढंच, की हे कॉटच्या कडेवर चपला घालून बसले होते आणि दार उघडं होतं.

जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन येऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं. वर लेकरं उड्या मारत होती. कुणीतरी बादली ओढत होतं, एक बाई मुलांना ओरडत इकडून तिकडं चालत होती. मी घाबरून शेजारी पाहिलं. हे पालथे झोपले होते. तोंड उशीत, एक हात कॉटच्या बाहेर लोंबकळलेला. घोरत होते. वरून आणखी कुणी उडी मारली, पंखा हलला, आणि हे कूस बदलून पुन्हा घोरायला लागले. चपला कॉटखाली नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

मी हललेसुद्धा नाही. मला तहान लागली होती, पण कॉट करकरेल म्हणून पाण्यापर्यंत गेले नाही. एरवी पाचला उठणारा माणूस नऊ वाजले तरी झोपला होता. आयुष्यात मला पुष्कळ गोष्टी मिळाल्या, पुढं घरही झालं, पण त्या सकाळी आडवं पडून त्यांचं घोरणं ऐकताना जे वाटलं ते पुन्हा तसं वाटलं नाही. एखादी लढाई जिंकून आल्यावर माणसाला असंच वाटत असणार.

शेवटी सव्वानऊला मी हळूच बाहेर आले. काकांनी मला पाहून चहा मागवला.

"दो बार बाहर आए," ते हळू आवाजात म्हणाले. "चाय पिए, बैठे, फिर अंदर गए. तिसरी बार नै आए."

मी विचारलं, ह्यांना कशाची भीती आहे ते तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, भूकंपाच्या पहाटे नांदेडातही भांडी पडली होती. त्यांची बायको कितीतरी दिवस ओसरीतच झोपायची. एवढं सांगून ते पुन्हा रजिस्टर लिहायला लागले. निघताना ह्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

त्यानंतर आमचा खर्चाचा सगळा बेत मोडला. हे म्हणाले, भूक लागलीय, आणि डब्यातलं नको. आम्ही इराणी चहा आणि खारी घेतली, मग पुरीभाजी खाल्ली. वजिराबादच्या बाजारात ह्यांनी मला गजरा घेतला. मी केसात माळला आणि उसाच्या रसाचा ग्लास हातात घेऊन रसवंतीसमोर उभी राहिले. तेवढ्यात समोरून माझे वडील आले.

धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. केळीच्या व्यापाऱ्याकडून येत होते. त्यांनी मला पाहिलं, जावयाला पाहिलं, गजरा पाहिला. ग्लास माझ्या हातात तसाच राहिला. कधी आलात, कुठं उतरलात, घरी का नाही आलात, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, पण आबा मुळातच कमी बोलणारे. मी काहीतरी खोटं रचायला लागले, की ह्यांचं दुकानाचं काम होतं.

ह्यांनी मला थांबवलं.

"न्हाई मामा," हे म्हणाले. "काम नव्हतं. मला स्लॅबखाली झोप लागत नव्हती. भूकंपापासून. म्हणून तुमच्या घरातून उठून बागेत गेलो होतो. काल हितं लॉजवर झोपून बघावं म्हणून आलो."

भर बाजारात, रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजात हे बोलत होते. दहा वर्षांत ही गोष्ट त्यांनी स्वतःहून कुणाला सांगितली नव्हती. काल मला सांगितली आणि आज माझ्या बापाला.

आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मग?" त्यांनी विचारलं. "लागली का झोप?"

"हाव. नऊ वाजेपर्यंत."

आबा हसले. ते असे हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय. त्यांनी रसवाल्याला आणखी तीन ग्लास सांगितले आणि ह्यांना पैसे देऊ दिले नाहीत. रस पीत ते म्हणाले, तुझ्या मायला हे सांगत न्हाई, तिला लई वाईट वाटंल, तू भेटायला आली न्हाईस म्हणून. पुढच्या खेपेला या. मग म्हणाले, बागेत बी झोपलात तरी आमची काही तक्रार न्हाई.

आम्हाला स्टँडवर सोडायला आले तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याकडून केळीचा एक अख्खा घड परत आणला होता. नको म्हणायची सोय नव्हती. तो घड आम्ही दोघांनी एसटीत चढवला तेव्हा कंडक्टर म्हणाला, लगेजचं तिकीट लागेल. ह्यांनी एक फणी तोडून आधी पुढच्या सीटवरच्या म्हातारीला दिली, दुसरी कंडक्टरला देऊ केली. त्यानं फणी घेतली आणि लगेजचं तिकीटही फाडलं. हे इतके मोठ्यानं हसले की लोकांनी वळून पाहिलं. लोह्यापर्यंत अर्धी गाडी केळी खात होती.

सोमवारी सकाळी आम्ही बाईंकडे गेलो. बांधकाम चालूच होतं, वर गवंडी घमेली आपटत होते. बाईंनी हॉल दाखवला, मागच्या खोल्या दाखवल्या. मी ह्यांच्याकडे चोरून पाहत होते. हे हॉलच्या मधोमध उभे राहून भिंती मोजत होते, पावलांनी. मग मला म्हणाले, चूल ह्या भिंतीला नको, धूर मुलींच्या अंगावर जाईल. मी म्हणाले, पाण्याचा नळ इथं आहे तर चूल इथंच पाहिजे. हे म्हणाले, नळ हलवता येतो. मी म्हणाले, स्वयंपाक कोण करतं, तुम्ही का मी? बाई दोघांकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, म्हणजे हॉल घेताय असं समजू ना?

"ते तर ठरलंच हाय," हे म्हणाले आणि नळापासून खिडकीपर्यंतचं अंतर पुन्हा मोजायला लागले.